शब्दचर्चा : हालचालीतली ‘चूक’, प्रतिक्रियाकाल आणि ‘हात बसणे’

मूळ प्रश्न

पुण्यातल्या खो-खो मार्गदर्शकांसाठी कारक अध्ययनावर, म्हणजे हालचाली कशा शिकल्या जातात त्यावर, मराठीत पुस्तिका तयार करतो आहे. मापनाच्या प्रकरणात गाडी अडली. ‘एरर’ला मी कुठे त्रुटी, कुठे दोष, तर कुठे चूक लिहिलं आहे. ‘रिअ‍ॅक्शन टाइम’ आणि ‘रिस्पॉन्स टाइम’ दोन्हींना प्रतिक्रियाकालच म्हणून मोकळा झालो. ‘रिटेन्शन’ला स्मृती म्हणावं की धारणा? जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

त्रुटी नको. अर्जात त्रुटी निघते, म्हणजे काहीतरी कमी असतं. हात चार सेंटिमीटर पुढे गेला तर त्यात कमी काय आहे? दोष तर माणसालाच चिकटतो. सरळ ‘चूक’ लिहा.

प्रतिसाद

‘चूक’ला माझाही पाठिंबा आहे, पण नुसत्या चुकीने भागणार नाही. डोळे मिटून हात बरोबर ३० सेंटिमीटर सरकवायचा, असं दोन मुलींना सांगितलं समजा. पहिलीचे चार प्रयत्न : ३३, ३४, ३३, ३२. दुसरीचे : २६, ३४, २८, ३२. अधिक-उणे न बघता सरासरी काढली तर दोघींची चूक ३ सेंटिमीटरच येते. याला निरपेक्ष चूक म्हणा. तेवढाच आकडा वहीत लिहिला, तर दोघी सारख्याच ठरतात आणि दोघींना एकच सूचना मिळते.

आता चिन्हांसकट सरासरी काढा. पहिलीची अधिक ३, दुसरीची शून्य. म्हणजे पहिलीचा हात दरवेळी पुढे जातो. हा तिचा ‘कल’. दुसरीला कल नाही, पण तिचे प्रयत्न इकडेतिकडे पांगलेत. स्वतःच्याच सरासरीभोवतीचं प्रमाण विचलन, म्हणजे प्रयत्न सरासरीपासून साधारण किती लांब पडतात, ते काढलं तर पहिलीचं सुमारे ०.७ आणि दुसरीचं ३.२ येतं. त्याला ‘पांग’ म्हणावं असं मला वाटतं. बालेवाडीच्या रेंजवर नेमबाज यालाच ‘ग्रुपिंग’ म्हणतात. गोळ्या एकाच जागी पण मध्यापासून दूर लागत असतील तर बंदुकीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवून काम भागतं. गोळ्या पांगत असतील तर साइट कितीही फिरवा, उपयोग नाही; मग पवित्रा, श्वास, ट्रिगरवरचं बोट तपासावं लागतं. उपाय वेगळा म्हणून शब्द वेगळा हवा, आणि तो मैदानावर तोंडात बसणारा हवा. कल आणि पांग यांचे ‘स्थिर त्रुटी’ आणि ‘चल त्रुटी’ हे पुस्तकी शब्द वाचून कोणता मार्गदर्शक काय दुरुस्त करणार?

मूळ प्रश्नकर्ता

कल आणि पांग घेतले! वेळेचं काय करू?

प्रतिसाद

तुमच्याच खेळात उत्तर आहे. खो-खोचे नियम १९१४ मध्ये याच शहरात, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, तेव्हा उदाहरणही तिथलंच घेऊ. पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकू आला, तिथून अंग हलायला लागेपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल. हलायला लागल्यापासून ठरलेल्या रेषेपर्यंत पोचायचा वेळ म्हणजे हालचालकाल. दोन्हींची बेरीज प्रतिसादकाल. तिन्हींना एकच नाव दिलंत तर पोरगं उशिरा ओळखतं की हळू उठतं, हे कळायला मार्ग राहत नाही. आणि ही दोन दुखणी फार वेगळी आहेत.

प्रतिक्रियाकाल मिलिसेकंदात लिहा. एकच ठरलेला इशारा असेल तर दिव्याला साधारण २००, आवाजाला त्याहून कमी. पर्याय वाढले की तो वाढतो, आणि पर्याय दुप्पट झाले की दरवेळी जवळपास सारखीच भर पडते, हे मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ मध्ये दाखवलं. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत कुणी निघालं तर चुकीची सुरुवात धरतात, कारण तो अंदाज असतो, प्रतिक्रिया नव्हे. म्हणून चाचणीत इशाऱ्याआधीची थांबण्याची वेळ बदलती ठेवा, नाहीतर तुम्ही मुलांची अंदाजशक्तीच मोजत बसाल.

प्रतिसाद

स्मृतीबद्दल मला जरा आग्रहानं लिहायचंय, कारण मराठीत हा भेद आधीपासून आहे आणि आपण तो पाठ्यपुस्तकात आणत नाही. ‘जमलं’ आणि ‘हात बसला’. सरावाच्या शेवटी जे दिसतं ते जमणं. मधे खंड पडल्यावर, सूचना न देता पुन्हा करून घेतलं आणि तरी टिकलं, तर हात बसला. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये एका गटाला हालचालींचे प्रकार आलटून-पालटून करायला लावले. त्या गटाला सरावात जास्त वेळ लागत होता, पण नंतरच्या चाचणीत एकेक प्रकार घोटून घेणाऱ्यांपेक्षा तोच सरस ठरला. सराव संपतासंपता गुण देणारा मार्गदर्शक नेमक्या उलट निष्कर्षाला पोचला असता.

म्हणून ‘रिटेन्शन टेस्ट’ला धारणा चाचणी म्हणा; ‘धारणा’ला समजुतीचा अर्थ चिकटलाय खरा, पण ‘चाचणी’ जोडल्यावर घोटाळा होत नाही. स्मृती मात्र टाळा, ती वाचताना लोकांना आठवणच समजते. हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्यावर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहत नसत. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्यांच्याकडून आरशात बघून चांदणीची आकृती गिरवून घेत. हे आपण आधी केलंय याची आठवण त्यांना नसे, तरी तीन दिवसांत चुका घटत गेल्या. आठवण नाही, पण हात बसलेला.

मूळ प्रश्नकर्ता

मग नोंदवहीत रकाने असे करतो : कल, पांग, प्रतिक्रियाकाल, हालचालकाल, आणि आठवड्यानंतरची धारणा चाचणी. शेवटच्या रकान्यात पहिले चारही आकडे पुन्हा घ्यावे लागतील ना?

प्रतिसाद

हो, चारही. आणि एखाद्या अनोळखी मैदानावर तेच पुन्हा घेता आलं तर संक्रमण चाचणीचा, म्हणजे शिकलेलं नव्या जागी कितपत जमतं हे बघणाऱ्या ‘ट्रान्सफर टेस्ट’चा, रकानाही वाढवा.