मदत हवी आहे: ताईला गोपनीय पत्रावरून नोटीस आलीय, सोमवारी खुलासा द्यायचाय

भीमाकाठचा
अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. ताईला ऑफिसातून कारणे दाखवा नोटीस आलीय, गोपनीय कागद बाहेर फोडला म्हणून. सोमवारी संध्याकाळपर्यंत खुलासा मागितलाय आणि आज शुक्रवार. ऑफिसातल्या एकाने तिला सांगितलं की ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लागला की १४ वर्षं आत, नोकरी तर गेलीच. परवापासून ती धड जेवत नाही, रात्री उठून अंधारात मोबाईल घेऊन बसते. मला फक्त एवढंच सांगा की १४ वर्षं हे खरं आहे का आणि खुलाशात काय लिहायचं. कोणाकडे तयार नमुना असेल तर टाका प्लीज.

सातारकर_७७
केंद्राची नोकरी का राज्याची? कुठलं खातं? कागद कसला होता, कोणाला गेला? नोटिशीत नियम कुठला लिहिलाय? यातलं एकही न सांगता नमुना कसा देणार भाऊ.

गुहागरची_माई
गोपनीय अहवालाचं, म्हणजे साहेब दरवर्षी कामावर शेरे मारतात त्याचं असेल तर अजिबात घाबरू नका. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा देव दत्त निकाल आहे, अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, नुसता वाईट नाही तर चांगला पण. माझ्या मिस्टरांचं प्रमोशन 'ब' शेऱ्यामुळे अडलं होतं, आम्ही लढलो आणि मिळवलं. प्रत मागून घ्या आधी.

भीमाकाठचा
माई, गोपनीय अहवाल नाही हो, पत्र होतं, वरून आलेलं. व्हॉट्सॲपवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी एका लोकल पोर्टलवर त्याचा फोटो आला. ताई महसुलात अव्वल कारकून आहे, राज्य शासन. नियम वगैरे नोटिशीत आहे काहीतरी, वर्तणूक नियम १९७९ असं. नोटिशीचा आणि त्या पत्राचा फोटो टाकतो म्हणजे सगळं कळेल.
[फोटो]
[फोटो]

संपादक
दोन्ही फोटो काढून टाकले आहेत. कृपया परत टाकू नका.

कोर्टाची_पायरी
बरं झालं काढले. दादा, ज्या पत्रावर लाल शिक्क्यात गोपनीय लिहिलंय ते पत्र तुम्ही स्वतः इथे हजार लोकांसमोर टाकत होतात, हे लक्षात घ्या. पोर्टलवर आलं म्हणून ते मोकळं झालं असं होत नाही. असा कागद जाणूनबुजून घेणारा माणूसही ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये येतो, ५(२) वाचा. ताईला सांगा पत्र कोणालाही परत पाठवायचं नाही, मला पण नाही. आणि १४ वर्षांचं ऐका. ते कलम ३, हेरगिरीचं, आणि त्यातही संरक्षणाच्या ठिकाणांशी वगैरे संबंध असला तर. त्यासाठी राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा आणायचा हेतू लागतो. ताईच्या बाबतीत कोणी काही ओढूनताणून लावायचं म्हटलं तरी ते कलम ५ असेल, त्यात जास्तीत जास्त ३ वर्षं किंवा दंड किंवा दोन्ही. आणि कुठल्याही ऑफिसातला साहेब उठला आणि ठाण्यात जाऊन खटला भरला असं नाही होत. कलम १३ प्रमाणे शासनाच्या आदेशाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोर्ट दखलच घेत नाही. ताईला आज रात्री एवढं वाचून दाखवा.

भीमाकाठचा
वाचून दाखवलं. रडली आणि मग दोन घास खाल्ले. खूप आभार मॅडम.

रोखठोक_परभणी
मी सांगतो सोपा उपाय. फोन फॉरमॅट मारा, ग्रुप डिलीट, सिम बदला. पुरावाच नाही तर सिद्ध काय करणार? आमच्या तालुक्यात एकाने असंच केलं, काही झालं नाही.

सातारकर_७७
काहीही सल्ला देऊ नका हो! नोटीस आल्यानंतर फोन पुसला तर सरळ सरळ पुरावा नष्ट केल्याचा आरोप बसेल, तो वेगळा गुन्हा. आणि ताईच्या बाजूचा जो काही पुरावा असेल तो पण त्याच फोनमध्ये आहे ना?

नाना_निवृत्त
मी ३४ वर्षं मंत्रालयात काढली. गोपनीय टपाल आमच्याकडे दोन पाकिटांत यायचं, आतल्या पाकिटावर शिक्का, वर लाख, आणि ते बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, उघडायचं नाही, ज्याच्या नावाचं त्याच्या हातात, टपाल वहीत सही घेऊन. त्या वहीत वेळसुद्धा लिहायचो. आता कागद स्कॅन होतो, अंगठा दाबला की दोनशे जणांकडे. पण प्रश्न तोच राहतो की कागद कोणाच्या ताब्यात होता आणि कोणाच्या सांगण्यावरून हलला. बाळ, तुझ्या ताईने ते पत्र आपल्या मनाने टाकलं का कोणी टाकायला सांगितलं? हे तू अजून सांगितलं नाहीस.

ठपका_भोगलेला
माझ्या अनुभवावरून सांगतो, माफी मागा आणि मोकळे व्हा. मी २०१६ ला असंच एक गोपनीय टिपण चुकून मेलवर पाठवलं होतं. लिहून दिलं चूक झाली पुन्हा होणार नाही, ठपक्यावर भागलं. जितकं लांबवाल तितकं साहेब चिडतात.

कोर्टाची_पायरी
तुमचं भागलं कारण तुमची चूक तुमची एकट्याची होती. इथे काय घडलं हे कळायच्या आधीच "चूक झाली" लिहून दिलं तर तो कबुलीजबाब होतो. शिस्त व अपील नियम १९७९ मध्ये नियम १० खाली किरकोळ शिक्षा आणि नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची चौकशी, जोडपत्र १ ते ४, म्हणजे दोषारोपाची कागदपत्रं, देऊन. ही नोटीस त्याच्या आधीची आहे, त्यात लिहिलेलं पुढे जोडपत्रात तुमच्याच विरुद्ध येऊ शकतं.

ठपका_भोगलेला
मॅडम तुम्ही कोर्टाच्या नजरेने बघताय. ऑफिस वेगळं असतं. साहेबाशी वाकडं घेऊन नोकरी होत नाही, वीस वर्षं काढायचीयत त्या बाईला.

युनियनवाला
म्हणूनच तर साहेब लोक सुटतात आणि कारकून मरतो. माफी मागा माफी मागा करून सगळ्यांनी माफ्या मागितल्या, आज प्रत्येक वेळी खालचाच माणूस. काहीही कबूल करू नका, आमच्या संघटनेकडे या.

भीमाकाठचा
नाना, तेच सांगायचं राहिलं. मला वाटलं ते लिहिलंय मी. साहेबांनीच सांगितलं होतं टाकायला. विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्ताचं पत्र होतं, कुठल्या गावात किती माणसं, कुठली ठिकाणं संवेदनशील, अशी यादी. रात्री साडेनऊला साहेबांचा आवाजी मेसेज आला, "मॅडम ते पत्र लगेच ग्रुपवर टाका, सगळ्यांना कळू दे." दोन ग्रुप आहेत, एक फक्त अधिकाऱ्यांचा आणि एक मोठा, त्यात कोतवाल, पोलीस पाटील, दोन-तीन पत्रकारसुद्धा आहेत. साहेबांनी ग्रुपचं नाव घेतलं नाही. ताईने मोठ्या ग्रुपवर टाकलं, कारण आतापर्यंत सगळं तिथेच टाकायला सांगत होते. आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर आल्यावर सकाळी सात वाजून चार मिनिटांनी साहेबांनी स्वतः तो ग्रुप सोडला, ती ओळ अजून ताईच्या फोनमध्ये दिसते. नोटिशीत साहेबांचा उल्लेख कुठेच नाही, उलट सही त्यांचीच आहे.

नाना_निवृत्त
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

न्यू_जर्सीकर
हे सगळीकडे असंच आहे. इथे अमेरिकेत जनरल पेट्रेयस, सीआयएचे माजी प्रमुख, त्यांनी गुप्त नोंदी असलेल्या वह्या आपलं चरित्र लिहिणाऱ्या बाईंना दिल्या, २०१५ ला कोर्टाने २ वर्षं प्रोबेशन आणि १ लाख डॉलर दंड केला, तुरुंग नाही. आणि रिॲलिटी विनर नावाची कंत्राटावरची मुलगी, एक अहवाल पत्रकारांना पाठवला म्हणून २०१८ ला ६३ महिने. देश एकच, वजन वेगळं.

रोखठोक_परभणी
अमेरिकेचं इथे काय काम? आपल्याकडे सरळ देशद्रोही म्हणतात आणि आत टाकतात. नागपूरच्या ब्रह्मोस क्षेपणास्त्रवाल्या इंजिनिअरला जन्मठेप झाली की २०२४ ला.

कोर्टाची_पायरी
अर्धीच बातमी सांगू नका. २०१८ ला अटक, २०२४ ला सेशन्स कोर्टाची जन्मठेप, बरोबर. पण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने नंतर ती जन्मठेप रद्द केली. शिल्लक राहिलं ते कलम ५(१)(डी), म्हणजे गोपनीय कागदाची वाजवी काळजी न घेणं, ३ वर्षं. ती तर तो केव्हाच भोगून बसला होता. कित्येक वर्षं आत. मी हे उदाहरण ताईला घाबरवायला देत नाहीये, पण हेर आणि निष्काळजी यातला फरक कोर्टात कळायला माणसाची किती वर्षं जातात ते बघा. डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेच्या संचालकाचं पण तसंच, एटीएसने मे २०२३ मध्ये अटक केली म्हणून लोक आधीच निकाल लावून बसले.

सातारकर_७७
आणि या कायद्यात गुप्त म्हणजे काय याची व्याख्याच नाहीये. १९२३ चा कायदा, इंग्रजांचा. शिक्का कोणता मारायचा हे खात्याच्या सूचनांवर. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच हा कायदा रद्द करा म्हणून शिफारस केली होती, झालं काही नाही. माहिती अधिकाराच्या कलम ८(२) मध्ये तर सरळ म्हटलंय की सार्वजनिक हित मोठं असेल तर या कायद्यातला कागदसुद्धा देता येतो.

युनियनवाला
हो, मग ताईने लोकहितासाठी टाकलं असं लिहा!

कोर्टाची_पायरी
नको! ८(२) चा अधिकार प्राधिकरणाला आहे, अर्ज आल्यावर विचार करून माहिती द्यायचा. कर्मचाऱ्याने परस्पर टाकायचा नाही. आणि संवेदनशील ठिकाणांची यादी मिरवणुकीच्या आधी बाहेर जाणं यात लोकहित कसलं? चूक घडलीय हे खरंच आहे. त्या यादीमुळे कुठे दंगल झाली असती तर? ती चूक कोणाची, एवढंच मांडायचंय.

नाना_निवृत्त
मी एक गोष्ट सांगतो. जानेवारी १९८५ ला दिल्लीत कुमार नारायण हेरगिरी प्रकरण निघालं. पंतप्रधान कार्यालयापर्यंतच्या कचेऱ्यांतून स्टाफ कागद बाहेर न्यायचा, फोटोकॉपी काढून परत जागेवर. पी. सी. अलेक्झांडर तेव्हा पंतप्रधानांचे प्रधान सचिव. त्यांनी स्वतः एक कागद विकला नव्हता, पण आपल्या कचेरीतली माणसं सापडली म्हणून त्यांनी पद सोडलं. पुढे १९९३ ला ते आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आले. खटल्याचा निकाल लागायला २००२ उजाडलं. खालच्यांना शिक्षा झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या, पण वरच्या माणसाने माझ्या दारात हे घडलं म्हणून उठून जाणं हे मी त्यानंतर फार क्वचित पाहिलं. या पोराच्या साहेबांनी ग्रुप सोडला, पद नव्हे. मला याचा फार राग येतो.

भीमाकाठचा
नाना, ताईला हे वाचून दाखवलं. ती म्हणते साहेब वाईट नाहीत, घाबरले असतील. पण मग नोटीस तिला एकटीलाच का? आता खुलाशात साहेबांचं नाव लिहायचं का नाही ते सांगा, वेळ नाहीये.

कोर्टाची_पायरी
आरोप म्हणून लिहू नका, घटना म्हणून लिहा. अमुक तारखेला अमुक वाजता तोंडी/आवाजी आदेश मिळाला, त्यात ग्रुपचा उल्लेख नव्हता, त्यापूर्वीच्या बंदोबस्ताची पत्रं याच ग्रुपवर टाकण्याची प्रथा होती, त्याच्या तारखा. साहेब खोटे, साहेब पळाले, असं एक अक्षर नको. कारवाई कोणावर ते वरच्याने ठरवू दे, पण आदेश कोणाचा हे कागदावर आलंच पाहिजे. आणि त्याआधी, सोमवारी सकाळी पहिलं काम, एक अर्ज: नोटिशीत ज्या कागदांचा आधार घेतलाय त्यांच्या प्रती द्या आणि खुलाशाला सात दिवस वाढवून द्या. पोच घ्या, आवक नंबरसकट. आवाजी मेसेज फोनमध्ये जसाच्या तसा राहू दे. गावातला चांगला वकील गाठा, मी धागा वाचून केस चालवू शकत नाही.

ठपका_भोगलेला
हे मान्य. आरोप न करता लिहिणं जमलं तर माफीपेक्षा बरंच. फक्त "आदेशाबद्दल स्पष्टता न घेतल्याबद्दल खेद आहे" एवढं एक वाक्य ठेवा, खरंही आहे ते, ग्रुप कोणता हे ताईंनी विचारायला हवं होतं.

युनियनवाला
खेद पण नको.

सातारकर_७७
ठेवा. खरं आहे ते.

गुहागरची_माई
आणि या वर्षीच्या गोपनीय अहवालात याच साहेबांनी वाईट शेरा मारला तर लगेच अपील करा, तेव्हा देव दत्त उपयोगी पडेल, मी म्हणाले होते ना.

भीमाकाठचा
सोमवारचं कळवतो. अर्ज दिला. आवक टेबलावरचा मुलगा आधी घेईना, साहेबांना विचारून येतो म्हणाला, ताई तिथेच उभी राहिली पाऊण तास. मग शिक्का मारून नंबर टाकून पोच दिली. सात दिवस मिळाले. खुलाशाचा कच्चा मसुदा तिने स्वतः हाताने लिहिलाय, दीड पान, खेदाचं वाक्य तिने ठेवलंय. आवाजी मेसेज वकिलांना ऐकवला, ते म्हणाले फोन बदलू नका. संध्याकाळी साहेबांचा फोन आला होता, ताईने उचलला नाही, म्हणाली जे काही असेल ते लेखी द्या असा मेसेज करू का? करू का नको ते कोणी सांगेल का लवकर, ती समोरच बसलीय फोन घेऊन.

कोर्टाची_पायरी
करा. नम्र भाषेत, "सर" म्हणून. आणि तो मेसेज पण पुसायचा नाही.