काचबिंदूने नजर गेली, काम परत कसं सुरू करू?

भांडुपकर: वय ४१, खासगी ऑफिसात अकाउंट्स बघायचो, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आठ महिने घरी आहे, बायकोच्या डब्यांवर घर चाललंय, ते सहन होत नाही. एक्सेल चांगलं येतं पण स्क्रीनच दिसत नाही, सुरुवात कुठून करू?

परळवाला: दादा, माझी नजर ३६व्या वर्षी गेली. आधी काठी घेऊन चालायला शिका, मी ते टाळलं आणि वर्षभर कोणीतरी सोडायला येईल म्हणून बसून राहिलो. वरळीला नॅबमध्ये, म्हणजे अंधांसाठीच्या संस्थेत, चौकशी करा. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाका, फुकट आहे, स्क्रीनवरचं बोलून दाखवतं, माऊस सोडायचा, सगळं कीबोर्डवर. सुरुवातीला डोकं उठतं, मग कान सरावतात, एक्सेल तर मस्त चालतं.

मीरारोड: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा आधी. २०१६ च्या कायद्याने सरकारी भरतीत ४ टक्के जागा दिव्यांगांना, त्यातला १ टक्का अंध-अल्पदृष्टीसाठी.

भांडुपकर: थँक्यू. लोकलची भीती वाटते पण.

परळवाला: अपंगांच्या डब्यापाशी प्लॅटफॉर्मवर बीप वाजतो ना, त्या आवाजाकडे जायचं. पहिल्यांदा दुपारी, गर्दी नसताना, वहिनींना घेऊन जा.