लाँगटेलच घ्या, पण ओहोटी बघून
थायलंडमधल्या क्राबीत बेटं फिरायला चौघांसाठी खाजगी बोट परवडेल का, असं एकाने विचारलंय. परवडते की! फक्त स्पीडबोटीच्या नादी लागू नका. आओ नांगच्या किनाऱ्यावरून लाकडी लाँगटेल बोट ठरवा. मागच्या लांब दांड्याच्या इंजिनाने कानठळ्या बसतात, पण थांबायचं कुठे, किती, ते आपल्या हातात. टप आणि चिकन आयलंड या बेटांमधला वाळूचा पट्टा ओहोटीलाच उघडा पडतो, तेव्हा निघायची वेळ त्यावरून ठरवा. ग्रुप टूरवाल्यांना ही चैन नाही. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भाड्यात धरलंय का, ते आधीच विचारून घ्या. आणि हो, बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, आई-बाबा सोबत असतील तर सांगून ठेवा. फी फी बेटांकडचा माया बे हा प्रसिद्ध किनारा लाँगटेलने नको, फार लांब पडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तर बंदच असतो.