मदत हवी आहे: कार्बन बाणाच्या इन्सर्टला कोणता ग्लू? (अर्जंट)

अर्धवट अर्जुन (शुक्रवार, रात्री ९:४०)
तिसऱ्यांदा झालं हे. टार्गेटमधून बाण ओढला की शाफ्ट (बाणाची पोकळ नळी) हातात येतो आणि पॉइंट (टोक) इन्सर्टसकट, म्हणजे तो ज्यात फिरवून बसतो त्या नळीतल्या तुकड्यासकट, आतच राहतो. पुन्हा चिकटवतो, पुन्हा तेच. परवा सकाळी स्पर्धा आहे आणि १२ पैकी ५ बाण बोडके झालेत. ग्लूचं फक्त नाव सांगा. 'आधीचे धागे वाच' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे जावं, वाचून झालेत.

खटपट्या
इपॉक्सी. दोन ट्यूबवाली, २४ तासांची. ५ मिनिटांवाली घेऊ नकोस. विषय संपला.

जुना बाण
संपला कसला? हॉट मेल्ट लाव, गरम करून वितळवायची ग्लूची कांडी. उद्या पॉइंट सोडून इन्सर्टचंच वजन बदलावंसं वाटलं तर इपॉक्सीवाल्या बाणाचं काय करणार? हॉट मेल्ट गरम केली की इन्सर्ट अलगद बाहेर.

खटपट्या
@जुना बाण, अलगद बाहेर येतो हीच तर त्याची तक्रार आहे काका!

पांढरी चिमणी
थांबा जरा. धनुष्य कोणतं? शाफ्ट आतून ६.२ मिमीचा की बारीक? इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमचा की पितळी? टार्गेट कशाचं? आणि आत्तापर्यंत लावत काय होतास?

अर्धवट अर्जुन
कंपाउंड, चाकंवालं. इन्सर्ट नेहमीचाच. ग्लू घरात होता तो, इन्स्टंटवाला. पण याचा काय संबंध? चांगला ग्लू सांगा म्हटलं, तो लावतो.

दुपारची झोप
पिसांसाठी इन्स्टंट ग्लूसारखं दुसरं काही नाही. थेंबभर पुरतो. जुनी पिसं काढताना मात्र सुरी बोथट घ्या, नाहीतर शाफ्टवर चरे पडतात.

पांढरी चिमणी
@दुपारची झोप, पिसांचं कोणी विचारलंय?

दुपारची झोप
आज नाही विचारलं. पिसंही कधीतरी पडतीलच की.

खटपट्या
इन्स्टंट ग्लू वाळला की काचेसारखा होतो. सावकाश ओढलं तर धरून ठेवेल, पण बाण आदळला की तडकतो. शिवाय इन्सर्ट आणि शाफ्टमधली फट तो भरत नाही. इपॉक्सी भरते.

जुना बाण
माझी हॉट मेल्टही भरते.

खटपट्या
आणि फोमच्या टार्गेटात कंपाउंडचा बाण घुसला की घर्षणाने तापतो, तेव्हा? कमी तापमानाची कांडी असेल तर लगेच मऊ पडते. मऊ असतानाच ओढला की पॉइंट आत. बाण उन्हात बंद गाडीत ठेवलेत तर मारायचीसुद्धा गरज नाही.

जुना बाण
म्हणून लगेच ओढायचा नाही, जरा थंड होऊ द्यायचा. तुम्हा मुलांना दम कुठे असतो.

राळवाला
लाकडी बाण वापरा हो. पूर्वी टोक राळेनं बसवून वरून तात गुंडाळत. कसला इन्सर्ट आणि कसलं काय.

पांढरी चिमणी
@राळवाला, राळसुद्धा गरम करून मऊ करायची आणि गार झाली की घट्ट. म्हणजे तुम्ही जुन्या बाणकाकांच्याच पार्टीत.

अर्जुन, एक बघून सांग. निघालेल्या इन्सर्टवर ग्लू दिसतोय का? आणि शाफ्टच्या आत टॉर्च मारून बघ, तिथे काय आहे?

अर्धवट अर्जुन
इन्सर्टवर पांढरा कडक थर आहे. शाफ्टच्या आत काही नाही, काळं गुळगुळीत.

पांढरी चिमणी
मग ग्लू बदलूनही चौथ्यांदा हेच होणार. सगळा ग्लू इन्सर्टवर राहिला म्हणजे शाफ्टला तो चिकटलाच नव्हता. उलट असतं, ग्लू शाफ्टमध्ये आणि इन्सर्ट चकचकीत, तर इन्सर्ट तेलकट होता म्हटलं असतं. दोन्हीकडे थोडा थोडा असता, तर ग्लूच फाटला, आणि तेव्हा या दोघांचं भांडण कामाचं होतं.

शाफ्ट आतून साफ केला होतास का?

अर्धवट अर्जुन
फुंकर मारली होती.

खटपट्या
फुंकर!!

पांढरी चिमणी
हसू नका, मीही सुरुवातीला तेच केलं होतं. कापलेल्या शाफ्टच्या आत कार्बनची पूड असते. तू चिकटवतोस ते त्या पुडीला. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून इन्सर्ट जाईल तेवढाच भाग आतून घास. मग कापूस लावलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून फिरव. पहिल्या दोन-तीन काड्या काळ्या निघतील. काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नकोस. इन्सर्टही तसाच घासून पूस, नव्यावर मशीनचं तेल असतं. नंतर बोट लावायचं नाही. घासताना मास्क घाल, ती पूड छातीत जाऊ देऊ नकोस.

खटपट्या
अ‍ॅसिटोन चालेल की.

पांढरी चिमणी
एक हात फिरवून लगेच पुसलंस तर चालेल. पण लोक शाफ्टची टोकं त्यात बुडवून ठेवतात, म्हणून मी नाव घेत नाही.

अर्धवट अर्जुन
बरं, साफ करतो. एक सांगायचं राहिलं. त्या ५ सोडून आणखी दोन बाणांत इन्स्टंटने इन्सर्टला अर्ध्यातच पकडलं होतं, म्हणून शाफ्टचं टोक लायटरवर धरून ओढून काढले. तिथे वास आला आणि थोडं पांढरट झालंय. चालेल ना?

जुना बाण
नाही चालणार! अरे, कार्बनचे धागे ज्या रेझिनने धरलेत, तोही एक ग्लूच. तू तोच जाळलास. हॉट मेल्ट लावतानासुद्धा आच शाफ्टला द्यायची नसते. इन्सर्टमध्ये पॉइंट फिरवून बसवायचा, पॉइंट पक्कडीत धरायचा, धग त्याच्या टोकाला. आणि काढायचा असेल तर शाफ्टचं टोक उकळत्या पाण्यात.

खटपट्या
काकांशी पहिल्यांदाच सहमत. ते दोन बाण मारू नकोस. सुटताना शाफ्ट फुटला तर कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. बाकीचेही हलके वाकवून, पिळून कानाशी धर. कडकड आवाज आला तर तेही बाद.

अर्धवट अर्जुन
म्हणजे उरले १०. इपॉक्सी उद्या सकाळी ९ ला लावली तर परवा ९ पर्यंत होईल?

पांढरी चिमणी
जेमतेम. खोली गार असेल तर जास्त वेळ लागेल. दोन्ही भाग सारखेच घे, लवकर वाळावं म्हणून हार्डनर (घट्ट करणारा भाग) वाढवू नकोस. ग्लू इन्सर्टला लाव, शाफ्टच्या आत ओतू नकोस, नाहीतर गोळा पुढे ढकलला जाऊन बाणाचं वजन बदलतं. फिरवत फिरवत आत सार. आधी नॉक (मागची दोरीची खाच) काढून ठेव, नाहीतर आतली हवा इन्सर्टला परत बाहेर ढकलते. आणि पॉइंटच्या आट्यांना मेण चोळ.

अर्धवट अर्जुन (शनिवार, दुपारी १:१५)
५ झाले, सगळे साफ करून. पहिल्याच शाफ्टमधून ७ काड्या काळ्या निघाल्या. जे ५ अजून निघाले नव्हते त्यांना हात लावला नाही.
फक्त एकात पॉइंट आता फिरतच नाहीये. मेण चोळायचं राहिलं त्याला.

जुना बाण
उद्या तोच पॉइंट मारायचा आहे ना? मग राहू दे. बाण ओढताना मात्र सरळ ओढ.

दुपारची झोप
आणि पिसं बघून घे एकदा.