शेजारी देशांतील बिअरचे भाव : ‘उत्पादन शुल्क’, ‘अबकारी’ की ‘जकात’?

प्रश्न

सोलापुरातील एका वाणिज्य महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी मी शेजारी देशांमधील बिअरच्या किमतींवर लेख लिहीत आहे. फिनलंड, एस्टोनिया आणि लाटव्हिया या देशांत तीच बाटली वेगवेगळ्या भावाला का मिळते आणि ती आणण्यासाठी लोक सीमेपलीकडे का जातात, हा त्याचा विषय आहे. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे ‘कर’ हा एकच शब्द योजला होता. संपादक मंडळातील प्राध्यापकांनी तो खोडून कुठे ‘उत्पादन शुल्क’, कुठे ‘जकात’ आणि एका ठिकाणी तर ‘जीएसटी’ असे सुचवले आहे. या शब्दांत अर्थाचा खरोखर फरक आहे, की केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी ते आलटूनपालटून वापरता येतात? ‘अबकारी’ हा शब्द आज चालेल का?

पहिले उत्तर

सोलापुरातील व्यापाऱ्यांच्या करविषयक कामांत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या शब्दांशी माझा संबंध कोशापेक्षा चलनांतून आणि विवरणपत्रांतून अधिक आला आहे. आलटूनपालटून हे शब्द वापरता येणार नाहीत. आपल्या विषयात तर मुळीच नाही, कारण सीमेच्या दोन बाजूंना भाव वेगळा का, या प्रश्नाचे उत्तर कोणती आकारणी बाटलीबरोबर सीमा पार करते आणि कोणती मागेच राहते, यावरच अवलंबून असते.

‘जीएसटी’ आधी काढून टाका. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मध्ये वस्तू व सेवा कराची जी व्याख्या २०१६ च्या १०१व्या दुरुस्तीने घातली गेली, तिच्यातूनच मानवी सेवनासाठीचे मद्य वगळलेले आहे. बिअरवर महाराष्ट्रात आजही व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित करच आहे. परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या मद्यावरचा व्हॅट २०२३ साली पाच टक्क्यांवरून दहा टक्के झाला, ही बातमी आपण वाचलीच असेल. युरोपातही बिअरवर मूल्यवर्धित करच लागतो, पण तो उत्पादन शुल्क धरून आलेल्या किमतीवर मोजतात. म्हणजे करावरही कर बसतो आणि शुल्कातला फरक गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो आणखी वाढलेला असतो.

आता ‘उत्पादन शुल्क’. हा शब्द कायद्यात रुळलेला आहे, राज्य शासनाच्या खात्याचे नावही तेच आहे, आणि तरीही आपल्या लेखात तो वाचकाला चुकीच्या दिशेने नेईल असे माझे मत आहे. ‘उत्पादन’ हा शब्द कानावर पडताच वाचक असे समजतो की बिअर जिथे तयार झाली तिथले शुल्क तिच्यावर बसले आणि तेच घेऊन ती पुढे गेली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तसे घडत नाही. वाळूजच्या कारखान्यात भरलेली आणि कर्नाटकात जाणारी बिअर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क न भरता, परवान्यावर आणि बंधपत्रावर राज्याबाहेर जाते आणि तिच्यावर आकारणी होते ती कर्नाटकाच्या दराने. सोलापुरातल्या कोणत्याही बिअर शॉपीतली बाटली हातात घेऊन तिचे लेबल नीट वाचावे. कमाल किरकोळ किमतीपुढे ‘सर्व करांसहित’ असे छापलेले असते आणि जवळच, केवळ महाराष्ट्रात विक्रीसाठी, अशा अर्थाची एक बारीक इंग्रजी ओळ असते. तीच बिअर, तोच कारखाना, पण विजयपूरच्या दुकानातल्या बाटलीवर दुसरी किंमत आणि दुसरे राज्य. भाव ठरतो तो बाटली कुठे भरली यावर नव्हे, तर ती कुठे प्यायली जावी असे कागदावर ठरले आहे यावर.

युरोपीय संघात हेच तत्त्व आहे. एका सदस्य देशातून दुसऱ्यात व्यापारासाठी जाणारी बिअर शुल्क स्थगित ठेवून जाते आणि जिथे ती बाजारात उतरते तिथला दर तिला लागतो. संघाने १९९२ च्या निर्देशाने बिअरवरील शुल्काची फक्त किमान पातळी ठरवून दिली. दर शंभर लिटरमागे मद्यार्काच्या प्रत्येक टक्क्याला १.८७ युरो, म्हणजे पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरवर जेमतेम पाच सेंट. कमाल मर्यादा नाहीच, त्यामुळे फिनलंडसारखा देश या किमान पातळीच्या कित्येक पट आकारतो. उलट प्रवासी स्वतःच्या वापरासाठी जी बिअर नेतो तिच्यावर खरेदीच्या देशातलेच शुल्क पुरते, घरी आल्यावर पुन्हा काही भरावे लागत नाही. ही बिअर खरोखर स्वतःसाठीच आहे का, हे ताडण्यासाठी ११० लिटर हे मार्गदर्शक प्रमाण धरले जाते. व्यापाऱ्याची बाटली आणि प्रवाशाची बाटली यांना वेगळा नियम लागतो, या एका फटीतून आपल्या लेखातला सगळा प्रकार जन्माला आला आहे.

एस्टोनिया १ मे २००४ रोजी संघात येणार, मग आपले लोक हेलसिंकीहून बोटीने तिची राजधानी टॅलिनला जाऊन हवी तेवढी बिअर आणणार, हे दिसताच फिनलंडने त्याच वर्षी १ मार्चला मद्यावरील शुल्क सरासरी एकतृतीयांशाने उतरवले. पुढे एस्टोनियावरच तशी वेळ आली. त्याने १ जुलै २०१७ रोजी बिअरवरील शुल्क एकदम ७० टक्क्यांनी वाढवले, तेव्हा फिनलंडचे लोक तर बिचकलेच, पण खुद्द एस्टोनियाचे लोक दक्षिणेला लाटव्हियात जाऊ लागले. सीमेवरचे वाल्गा आणि वाल्का हे खरे तर एकच गाव आहे, अर्धे एस्टोनियात आणि अर्धे लाटव्हियात. दोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, एस्टोनियाला शुल्क २५ टक्क्यांनी कमी करावे लागले, आणि त्यावर लाटव्हियाने लगेच तीव्र मद्यावरचे शुल्क १५ टक्क्यांनी घटवले. टॅलिनहून फिनलंडचे लोक जी बिअर आणत, तीत त्यांच्याच देशाच्या ब्रँडची बिअरही असे. अशा बिअरविषयी ‘एस्टोनियात उत्पादन शुल्क कमी आहे’ असे लिहिले, की वाचक कारखाना एस्टोनियात आहे असे गृहीत धरणार. म्हणून मी ‘अबकारी’ सुचवतो. फारसी ‘आब’ म्हणजे पाणी, त्यावरून आलेल्या या शब्दाचा रोख पहिल्यापासून मद्याच्या धंद्यावर आहे. उत्पादन की विक्री, या प्रश्नात तो वाचकाला अडकवत नाही.

दुसरे उत्तर

वरील विवेचन उत्तम आहे, तथापि निष्कर्ष मला मान्य नाही. मी अक्कलकोटचा आहे. आमच्याकडे अर्धे बोलणे कन्नडमध्ये चालते आणि सीमेपलीकडे त्या खात्याचे नाव आजही ‘अबकारी इलाखे’ असेच आहे, त्यामुळे हा शब्द आम्हांला परका नाही. पण मराठी वाचकाच्या मनात ‘अबकारी’ म्हटले की इंग्रजी अमदानीतला फौजदार उभा राहतो, आणि हेलसिंकीच्या बोटीवर तो शोभत नाही.

शिवाय ‘उत्पादन शुल्क’ या शब्दाला घटनेचा आधार आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ५१वी नोंद राज्यात तयार होणाऱ्या मद्यावर उत्पादन शुल्क बसवण्याचा अधिकार देते आणि त्याच नोंदीचा पुढचा भाग भारतात अन्यत्र तयार झालेल्या तशाच मालावर तेवढ्याच किंवा कमी दराने भरपाईचे शुल्क बसवू देतो. म्हणजे उत्पादनाच्या जागेचा मुद्दा कायदेकर्त्यांच्या ध्यानात होता. बाहेरचा माल स्वस्त पडून घरचा कारखाना बसू नये, यासाठी त्यांनी दुसरा शब्दच दिला. ओरिसातील एका मद्यविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले आहे की राज्यात तसा माल तयारच होत नसेल, तर हे भरपाईचे शुल्क बसवता येणार नाही. इतक्या काटेकोर विचारातून आलेली परिभाषा वाचकाचा गैरसमज होईल म्हणून सोडून देण्यापेक्षा गैरसमज दूर करणारे एक वाक्य लेखात घालावे, हे अधिक योग्य.

आणखी एक. ‘शुल्क’ हा काही अलीकडचा शासकीय शब्द नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष आणि सुराध्यक्ष असे दोन स्वतंत्र अधिकारी आहेत आणि जी सुरा राजाच्या मालकीची नाही तिच्यावर शेकडा पाच शुल्क सांगितले आहे. अडचण एवढीच, की आज ‘शुल्क’ म्हणजे परीक्षेची फीसुद्धा. मद्याच्या धंद्यात तर परवान्याचे शुल्क वेगळे आणि मालावरचे शुल्क वेगळे, आणि बातम्यांत दोन्हींची हमखास सरमिसळ होते.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. भारतापुरते ‘उत्पादन शुल्क’ ठेवावे आणि युरोपविषयी लिहिताना ‘अबकारी शुल्क’ असे जोडनाव योजून पहिल्याच ठिकाणी त्याचा खुलासा करावा, असे सध्या मनाशी धरले आहे. ‘जकात’ आणि ‘टॅरिफ’ मात्र अजून शिल्लक आहेत. गेल्या वर्षभरात ‘टॅरिफ’ इतक्या वेळा कानावर आले आहे की त्याला मराठी शब्द हवा की नको, तेच कळेनासे झाले आहे.

पहिले उत्तर देणारे

आपण काढलेला तोडगा मला मान्य आहे, दुसऱ्या उत्तरातील आक्षेपासकट.

‘टॅरिफ’चा तपशील सोलापूरकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची आकारणी ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा इथल्या टॉवेल कारखानदारांच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. पण महावितरणचे दरपत्रक म्हणजेही टॅरिफच, त्यामुळे लेखात ‘आयात शुल्क’ हाच निःसंदिग्ध शब्द ठरतो. अमेरिकेचे एक उदाहरण आपल्या विषयातले आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथे ॲल्युमिनियमवरील आयात शुल्काच्या कक्षेत रिकामे कॅन आणि कॅनमधून येणारी बिअरही आणली गेली. दर आधी २५ टक्के होता, जूनमध्ये ५० टक्के झाला. काचेच्या बाटलीतून येणाऱ्या बिअरला ही आकारणी लागू नव्हती. बिअरवरचा कर न बदलता शेजारच्या मेक्सिकोतून येणारा डबा महागतो, हे ‘कर’ या एकाच शब्दाने सांगताच येणार नाही.

‘जकात’ मात्र युरोपच्या लेखात कुठेच नको. जुन्या लेखनात ती सीमेवरच्या वसुलीसाठीही येते हे खरे, पण आपल्या पिढीला जकात म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका, मालमोटारींची रांग आणि पावतीपुस्तक आठवते. नाका गेला, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ‘जुना जकात नाका’ अजून चालतो. फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यामध्ये तर सीमाशुल्कच नाही. त्यांचा भावातला फरक मुख्यतः अबकारी शुल्काचा आणि मूल्यवर्धित कराचा आहे. हा भेद किती खरा आहे ते पाहायचे असेल, तर ओलांद बेटे पाहावीत. फिनलंडचा हा स्वायत्त प्रदेश संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात आहे, पण मूल्यवर्धित कर आणि अबकारी शुल्क यांच्या क्षेत्राबाहेर आहे. संघांतर्गत प्रवासातली शुल्कमुक्त विक्री १९९९ साली बंद झाली, तरी हेलसिंकी ते स्टॉकहोम जाणाऱ्या बोटी वाटेत या बेटांना थांबतात आणि तेवढ्या थांब्यामुळे बोटीवरच्या दुकानातली बिअर करमुक्त राहते.

डेन्मार्कच्या लोकांसाठी जर्मनीच्या सीमेवर जी दुकाने चालतात, तिथे आणखी एक प्रकार आढळतो. डब्यामागची परत मिळणारी रक्कम परदेशी गिऱ्हाइकाकडून घेतलीच जात नाही. तो कर नव्हे. आपल्या सोडावॉटरच्या बाटल्यांमुळे ठाऊक असलेला ‘अनामत’ हाच शब्द तिथे लिहावा.

भारताच्या आयात शुल्काचा उल्लेख येणार असेल, तर ‘अधिभार’ (शुल्कावर बसणारी जादा आकारणी) आणि ‘उपकर’ (ठरावीक कामासाठीची आकारणी) यांचीही फारकत करावी. परदेशी बिअरवर १०० टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणून बातमीत ११० टक्के दिसतात. व्हिस्कीवर २०२१ पासून ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी उपकर अशी मांडणी झाली. गिऱ्हाइकाला बेरीज पूर्वीइतकीच, पण अधिभार आणि उपकर राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत. केंद्राच्या दृष्टीने फरक तिथे पडतो.

मूळ प्रश्नकर्ता

शेवटची शंका. टॅलिनहून आणलेल्या त्या बिअरला ‘एस्टोनिया बनावटीची बिअर’ म्हणता येईल का? आपल्या वर्तमानपत्रांत ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ असे नेहमी येते.

दुसरे उत्तर देणारे

म्हणू नये. ‘बनावटीची’ म्हणजे अमुक ठिकाणी बनलेली, आणि ‘बनावट’ म्हणजे खोटी, हा घोळ आधीच आहे. धाडीच्या बातमीत तर वाचकाला दोन्ही अर्थ एकदमच भासतात. त्याहून महत्त्वाचे असे, की ‘गोवा बनावटीची’ म्हणून जप्त होणारी दारू बनावटीमुळे पकडली जात नाही. ती गोव्यात विकण्यासाठी म्हणून तिथल्या कमी दराने शुल्क भरलेली असते आणि महाराष्ट्राचे शुल्क चुकवून इकडे आणलेली असते, हा तिचा गुन्हा. आपल्या लेखातल्या प्रवाशाचा तर तोही गुन्हा नाही, आणि बिअर एस्टोनियात बनलेली असेलच असेही नाही. ‘एस्टोनियात शुल्क भरलेली बिअर’ असे लिहावे. लांब होते, पण त्यात कारखान्याविषयी काहीही गृहीत धरलेले नाही.