मदत हवी आहे: व्हिएतनामचे फेरीवाले, भाव किती पाडायचा?

घाईत_गडी: परवा निघतोय, बरोबर आईबाबा. रस्त्यावरचे विक्रेते फार मागे लागतात म्हणे. निम्म्यावर आणायचं की आणखी खाली? नेमका आकडा सांगा. 'सावध राहा' छाप सल्ले नकोत.

तिठा: हनोई की सायगॉन? आणि घ्यायचंय काय? फळं आणि रेशीम यांना एकच टक्केवारी कशी लागेल?

घाईत_गडी: हनोई, ओल्ड क्वार्टर. आईला रेशमी स्टोल. आकडा?

कावडीचुंबक: आकड्याआधी हे. होआन किएम तळ्याभोवती कावड घेतलेल्या फळवाल्या असतात. हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर आणि टोपी डोक्यावर. फोटो निघाला की फळांची पिशवी पुढे येते, भाव आधी ठरलेलाच नसतो. कावड खांद्यावर येऊच द्यायची नाही. 'खोम, काम अन' म्हणायचं (नको, धन्यवाद) आणि चालत राहायचं.

तिठा: त्याहून मोठा फटका नोटांचा. २०,००० आणि ५,००,००० डाँग, दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. घाईत एकीऐवजी दुसरी जाते. मागची बाजू बघा: २०,०००वर होई आनचा जपानी पूल, ५,००,०००वर हो ची मिन्हचं जन्मघर. मोठी नोट १६ मिमी लांबही आहे. ५ लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. विक्रेता नुसतं '५०' म्हणाला तर ५०,००० समजायचे. रुपयांसाठी दोन शून्यं उडवून तिनाने भागा, अंदाज येतो.

हिशोबनीस: भाव सांगतो. सांगितलेल्या भावाच्या ६० टक्क्यांपासून सुरुवात करा, ७५च्या वर गेला तर सोडा.

कावडीचुंबक: असहमत. सांगितलेला भावच फुगवलेला असेल तर ७५ टक्केही जास्तच. आधी पाटीवर किंमत लिहिलेल्या दुकानात तोच माल बघा, मग बोला. रेशमाला हांग गाय रस्ता. दोंग स्वान मंडईत माल मुख्यतः घाऊक. कडेचा एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून बघा: केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे रेशीम, कडक गोळी झाली तर पॉलिस्टर.

हिशोबनीस: सकाळी सकाळी गेलात तर स्वस्तात मिळतं, भवानी असते.

कावडीचुंबक: उलट! घ्यायचं नसेल तर भवानीच्या वेळी घासाघीस नकोच. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर तिथे अपशकुन मानतात, कागद पेटवून तो घालवतात. घ्यायचंच असेल तर जा.

पोटोबा: शाकाहारी असाल तर 'चाय' अशी पाटी शोधा. चहा नव्हे, शाकाहारी. भाजीतही नुओक माम, म्हणजे माशांचा सॉस, असू शकतो.

घाईत_गडी: मी खाण्याचं विचारलंच नव्हतं.

तिठा: बाबांच्या पायात काय असेल? तिथे बूट दुरुस्त करणारे न विचारता डिंक लावून मोकळे होतात, मग पैसे मागतात.

घाईत_गडी: नाडीचे बूट. एकाचा सोल थोडा सुटलाय.

तिठा: आजच शिवून घ्या. त्यांना तेवढंच दिसतं.