निधी उभारणीचं रीतसर प्रशिक्षण कुठे घ्यावं? (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेत मी काम करते. यंदा संस्थेनं 'माजी विद्यार्थी संपर्क व देणग्या' असा कक्ष काढलाय. कक्ष म्हणजे मी, एक टेबल आणि अर्धवेळ लेखनिक. आधी प्रवेश विभागात होते, त्यामुळे कागदपत्रांची भीती नाही. ८०जीच्या (देणगीदाराच्या करसवलतीच्या) पावत्या आणि १०बीडी (आयकर खात्याला द्यायचं देणग्यांचं) विवरण सीए बघतात, कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी झालीय.

अडतं ते पुढे. एखादे माजी विद्यार्थी प्रयोगशाळेसाठी मोठी रक्कम द्यायला तयार असतील, तर आकडा आधी कोणी बोलायचा? पाटीवर नाव कुणाचं, अटी किती मान्य करायच्या, पैसे मिळाल्यावर वर्षभर त्यांना काय कळवायचं? आमच्याकडे पद्धत एकच: मार्च आला की फोन फिरवायचे.

सचिव दर बैठकीत महर्षी कर्व्यांच्या भाऊबीज निधीचा, म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घरोघरून जमवलेल्या छोट्या देणग्यांचा, दाखला देतात. तो बरोबरच आहे. पण त्याच कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. दारोदार निधी गोळा करणं मला जमेल हो. असल्या देणगीची बोलणी कशी करतात, ते शिकायचंय.

शोधल्यावर हे सापडलं: सीएफआरई ही निधी उभारणाऱ्यांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा, पण काही वर्षांच्या अनुभवाशिवाय तिला बसता येत नाही. केस ही १९७४ पासूनची संघटना खास शाळा-विद्यापीठांतल्या माजी विद्यार्थी संपर्क आणि देणग्यांच्या कामासाठी, तिचं सिंगापूरलाही कार्यालय आहे. सभासदत्व मात्र संस्थेचं लागतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं फंड रेझिंग स्कूल. आणि आपल्याकडे आयएलएसएस या सामाजिक क्षेत्रासाठी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा निधी उभारणीचा कोर्स. कुणी यातलं काही केलंय का?

शिवाय एका विश्वस्तांची सूचना आहे, की पगारवाढीऐवजी मी आणलेल्या देणगीवर टक्केवारी घ्यावी. मला ते खटकतंय, पण उत्तर सुचत नाही.

प्रतिसाद १
टक्केवारीला सरळ नाही म्हणा. अमेरिकेतल्या एएफपी या निधी उभारणाऱ्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेतच तसला मोबदला घ्यायला मनाई आहे. टक्केवारी लागली की माणूस पाच वर्षांनी येऊ शकणारी मोठी देणगी सोडून आज हाताला लागेल ते उचलतो. आणि देणगीदाराला कळलं, की आपल्या पैशातला वाटा मागणाऱ्याच्या खिशात गेला, तर तो परत दारात उभा करणार नाही. बैठकीत हे शेवटचं कारण आधी सांगा, लगेच पटतं.

सीएफआरई सध्या बाजूला ठेवा. कोर्स कुठलाही घ्या, पण त्यात एखाद्या विश्वस्ताला बरोबर बसता येईल का, ते आधी विचारा. मोठ्या देणगीचं बोलणं कर्मचाऱ्यानं एकट्यानं करायचं नसतं. विश्वस्तानं आधी स्वतः काही द्यावं, मग दुसऱ्याकडे मागावं. आमच्या संस्थेत कोर्स मी केला आणि विश्वस्त मंडळी होती तिथेच राहिली, त्यामुळे निम्मं शिक्षण वहीतच आहे.

धागाकर्ती
मनापासून आभार. आचारसंहितेचा मुद्दा लेखी देते. विश्वस्तांनी आधी स्वतः द्यायचं, हे मात्र तोंडी सांगायची हिंमत अजून नाही. कोर्स केलेल्यांनी फी आणि वेळ कळवा, अर्ज मंजुरीला ठेवायचाय.